थ्री-फेज जनरेटर सिंगल फेजवर चालवायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा: १५ केव्हीएचा थ्री-फेज जनरेटर आहे, ४००/२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. लोड मात्र सगळा सिंगल फेज. त्यातला एक मोठा, साधारण ६ किलोवॅटचा, बाकी दिवे, पंखे, पंप असा किरकोळ. टर्मिनल बॉक्समध्ये बारा वायरी आहेत. त्यांची जोडणी बदलली तर सगळे १५ केव्हीए २३० व्होल्टच्या एकाच जोडीवर मिळतील का?

नाही. बारा वायरी असल्यामुळे ७.५ केव्हीए मिळतील. आणि जोडणी बदलण्याआधी तुमचं काम तिच्याशिवाय भागतं का ते पाहावं लागेल, कारण बऱ्याचदा ते भागतं.

आधी आकडे. १५ केव्हीए, ४०० व्होल्ट, म्हणजे प्रत्येक फेजच्या तांब्यातून जास्तीत जास्त २१.७ अँपिअर. हा आकडा लक्षात ठेवा. जोडणी कशीही करा, कुठल्याही गुंडाळीतून यापेक्षा जास्त करंट सतत नेता येणार नाही. आता एका फेज आणि न्यूट्रलमधून लोड घेतला तर २३० गुणिले २१.७, म्हणजे ५ केव्हीए. एक तृतीयांश. उरलेल्या दोन गुंडाळ्या रिकाम्या फिरतात. दोन फेजच्या मध्ये ४०० व्होल्टवर लोड घेतला तर ४०० गुणिले २१.७, म्हणजे ८.७ केव्हीए, ५८ टक्के. आणि डेल्टा करून, म्हणजे तिन्ही फेजच्या गुंडाळ्या टोकाला टोक जोडून त्रिकोण करून, २३० व्होल्ट घेतले तर ७.५, बरोबर निम्मे. तो हिशेब खाली येतोच.

‘तिन्ही फेज एकत्र पिळून एकच जाड वायर करायची’ ही कल्पना अधूनमधून ऐकू येते. ती लगेच डोक्यातून काढा. तिन्ही फेजचं व्होल्टेज एकमेकांपासून १२० अंशांवर असतं. कुठल्याही दोघांत ४०० व्होल्टचा फरक आहे, म्हणजे ते पिळणं हा सरळ शॉर्टसर्किट आहे.

तुमच्या ६ किलोवॅटच्या लोडकडे वळू. बाकीचा किरकोळ लोड तीन फेजवर वाटून दिला तर काही अडत नाही. अडतो तो हाच एक, कारण तो एका फेजच्या ५ केव्हीएत बसत नाही. म्हणून तो नक्की काय आहे ते बघा. ट्रान्सफॉर्मरवाला वेल्डिंग सेट असेल तर त्याच्या पाटीवर बऱ्याचदा २३० आणि ४०० असे दोन्ही टॅप असतात. ४०० वर लावा, दोन फेजच्या मध्ये जोडा, प्रश्न मिटला. भट्टी किंवा हीटर असेल आणि आत २३० व्होल्टचे तीन सारखे एलिमेंट असतील तर ते स्टारमध्ये, म्हणजे तिघांचं एकेक टोक एकत्र न्यूट्रलला जोडून, तीन फेजवर वाटता येतात, मग तर जनरेटरला आनंदच. ४०० ते २३० चा सिंगल फेज ट्रान्सफॉर्मर हाही चांगला मार्ग आहे. त्यातून डेल्टापेक्षा जास्त, म्हणजे ८.७ केव्हीएपर्यंत मिळतं आणि जनरेटरच्या वायरीला हातही लावावा लागत नाही. ट्रान्सफॉर्मर जड असतो, चालू करताना झटका घेतो, पण उद्या थ्री-फेज मोटर चालवायची वेळ आली तर मशीन होतं तसंच असतं. मी स्वतः आधी हे सगळं विचारतो आणि मगच पान्हा उचलतो.

यातलं काहीच लागू पडत नसेल, तरच जोडणी बदला.

बारा वायरी म्हणजे सहा गुंडाळ्या, प्रत्येक फेजच्या दोन-दोन. प्रत्येक अर्ध्या गुंडाळीचं व्होल्टेज ११५. टी-क्रमांकांच्या पद्धतीत पहिल्या फेजचे दोन अर्धे भाग टी१–टी४ आणि टी७–टी१०, दुसऱ्याचे टी२–टी५ आणि टी८–टी११, तिसऱ्याचे टी३–टी६ आणि टी९–टी१२. काही मशीनवर हेच यू१, यू२, यू५, यू६ अशा नावांनी असतं. सध्या तुमच्याकडे बहुधा सिरीज स्टार आहे: टी४–टी७, टी५–टी८, टी६–टी९ जोडलेले, टी१०, टी११, टी१२ मिळून न्यूट्रल, आणि टी१, टी२, टी३ बाहेर.

सिंगल फेजसाठी यातल्या मधल्या तीन जोड्या तशाच ठेवायच्या. न्यूट्रलचा जोड सोडायचा आणि त्याऐवजी टी१ला टी१२, टी२ला टी१०, टी३ला टी११ जोडायचं. झाला डेल्टा. लोड टी१/टी१२ आणि टी२/टी१० या दोन कोपऱ्यांमधून घ्यायचा. तिथे २३० व्होल्ट मिळतात. टी४–टी७ हा जोड त्या बाजूच्या बरोबर मध्यावर आहे, त्यामुळे तिथून ११५-०-११५ असंही काढता येतं. तुम्हाला ते नको असेल तर तो जोड नीट इन्सुलेट करून ठेवा. टी३/टी११ या तिसऱ्या कोपऱ्यातून काहीच घेत नाही म्हणून तो मेलेला समजू नका. तुम्ही न्यूट्रल ठरवलेल्या कोपऱ्याच्या मानाने तिथेही २३० व्होल्ट असतात.

निम्मेच का मिळतात? करंटला एका कोपऱ्यातून दुसऱ्याकडे जायला दोन वाटा आहेत. एक सरळ, पहिल्या फेजमधून. दुसरी वळसा घेऊन, बाकीच्या दोन फेजमधून. सरळ वाटेने दोन तृतीयांश करंट जातो, वळशाने एक तृतीयांश. सरळ वाटेतल्या गुंडाळीला २१.७ अँपिअरची मर्यादा आहे, म्हणजे एकूण ३२.५ अँपिअर. गुणिले २३०, साडेसात केव्हीए. यात एक सोय अशी की मशीनमधून येणाऱ्या एकाही लीडमधून जुन्या मर्यादेपेक्षा जास्त करंट जात नाही. जाड केबल लागते ती दोन लीड एकत्र आल्यानंतरच्या लगपासून (केबलच्या टोकाच्या टोपणापासून) पुढे.

इंजिनला हा लोड जड नाही. १५ केव्हीएच्या सेटचं इंजिन ०.८ पॉवर फॅक्टरने १२ किलोवॅटच्या हिशेबाने बसवलेलं असतं. त्यामुळे ‘इंजिन तर आरामात ओढतंय’ हे पाहून लोड वाढवत नेऊ नका. इंजिन दमायच्या आधी गुंडाळी जळेल.

आणि फक्त गुंडाळीचाच प्रश्न नाही. थ्री-फेजवर समतोल लोड असताना स्टेटरचं (स्थिर भागाचं) चुंबकीय क्षेत्र रोटरच्या (फिरत्या भागाच्या) वेगानेच, त्याच्या बरोबर फिरतं. रोटरला ते स्थिर वाटतं. सिंगल फेज लोडचं क्षेत्र फिरत नाही, ते जागेवरच कमी-जास्त होतं. त्याचे दोन भाग पडतात, एक रोटरबरोबर फिरणारा, दुसरा तितकाच मोठा पण उलटा फिरणारा. हा उलटा भाग रोटरला दुप्पट फ्रिक्वेन्सीने, म्हणजे १०० हर्ट्झने छेदतो. त्यामुळे डँपरच्या, म्हणजे रोटरच्या पोलमध्ये बसवलेल्या, सळ्यांत आणि पोलच्या पृष्ठभागावर करंट तयार होऊन रोटर तापतो. हिशेब सोपा आहे: मशीनच्या केव्हीएच्या जितके टक्के सिंगल फेज लोड, तितकेच टक्के हा उलटा भाग. डेल्टावर पूर्ण ७.५ घेतलात तर ५० टक्के. मोठ्या मशीनमध्ये हा भाग सतत चालण्यासाठी दहा टक्क्यांच्याही खाली ठेवायला सांगतात. लहान मशीन पोलवर चांगला डँपर पिंजरा असेल तर हे निभावून नेतात. रोटरवर डँपर नसेल तर मी डेल्टाच्या भानगडीत पडणार नाही. बनवणाऱ्याने त्याच मॉडेलचं सिंगल फेज रेटिंग दिलेलं असेल तर ते माझ्या गणितापेक्षा वरचढ माना, मग ते निम्म्याहून कमी असलं तरी.

दहा, सहा आणि चार वायरींचं थोडक्यात. दहा वायरी असतील तर टी१०, टी११, टी१२ आतच जोडून एक वायर बाहेर आणलेली असते. सिरीज किंवा पॅरलल स्टार होतो, डेल्टा होत नाही. सहा वायरींवर डेल्टा होतो, फक्त मधला ११५ चा जोड मिळत नाही. चार वायरी असतील तर न्यूट्रलचा जोड गुंडाळीच्या टोकाशी, व्हार्निशखाली दडलेला असतो. तो उकलणं हे रिवाइंडिंगवाल्याचं काम. त्यापेक्षा ट्रान्सफॉर्मर बरा.

झिगझॅग जोडणीचे नकाशेही तुम्हाला सापडतील. त्यात वेगवेगळ्या फेजचे अर्धे भाग एकमेकांना जोडतात, आणि तिथे साधी बेरीज चालत नाही. ११५ आणि ११५ हे ६० अंशांच्या फरकाने जोडले तर २३० नाही, १९९ होतात. झिगझॅग करायचाच असेल तर फक्त त्या मशीनच्या कागदातला नकाशा वापरा.

आता वायरींवरचे क्रमांक. ते शाबूत असतील तर उत्तम. पुसले असतील किंवा कोणी आधी हात मारलेला असेल तर एकाही क्रमांकावर विश्वास ठेवू नका, पुन्हा शोधा. सगळ्या वायरी सुट्या करा. एव्हीआर, म्हणजे व्होल्टेज आपोआप सांभाळणारं सर्किट, काढा. मीटरच्या बझरने सहा जोड्या ठरवा. पुढचा भाग मशीन फिरवून करायचा आहे, त्यामुळे मीटरच्या क्लिपा मशीन बंद असताना लावायच्या, हात बाहेर काढायचे आणि मगच इंजिन चालू करायचं.

रोटरला चुंबक बनवणारा करंट एक्सायटर हा छोटा जनरेटर देतो. त्याच्या फील्डला, म्हणजे चुंबकाच्या गुंडाळीला, बॅटरीवरून थोडा करंट द्या. थोडा म्हणजे खरोखर थोडा. बारा व्होल्ट थेट दिले तर अनेक ब्रशलेस मशीन जवळजवळ पूर्ण व्होल्टेज काढतात. मालिकेत एखादा वाहनाचा बल्ब टाकला की व्होल्टेज हाताळण्याजोगं राहतं. फील्डचं प्लस-मायनस उलटं करू नका. प्रत्येक जोडीवर सारखंच व्होल्टेज दिसायला हवं. समजा २० व्होल्ट दिसले. आता इंजिन बंद करून एका जोडीचं एक टोक दुसऱ्या जोडीच्या एका टोकाला बांधा, पुन्हा चालवा आणि उरलेल्या दोन टोकांमध्ये मोजा. ४० किंवा शून्य आलं तर दोन्ही एकाच फेजचे. २० किंवा ३५ आलं तर वेगळ्या फेजचे. एकाच फेजमध्ये ४० म्हणजे एकाची शेपूट दुसऱ्याच्या डोक्याला लागलीय, सिरीजसाठी बरोबर. शून्य म्हणजे शेपटीला शेपूट. वेगळ्या फेजमध्ये ३५ म्हणजे तुम्ही दोघांच्या सारख्या बाजू बांधल्यात, स्टारसारख्या. २० म्हणजे एकाची सुरुवात आणि दुसऱ्याचा शेवट, डेल्टासारखं. हे चार आकडे ओळखता आले की बाराच्या बारा वायरींना टॅग लावता येतात. काम कंटाळवाणं आहे, पण इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया.

डेल्टा बंद करण्याआधी एक चाचणी कधीही टाळू नका. दोन कोपरे जोडा, तिसरा उघडा ठेवा आणि त्या उघड्या तोंडावर व्होल्टेज मोजा. तिन्ही फेजची बेरीज शून्य असते, म्हणून तिथे जवळपास काहीच दिसायला नको. पूर्ण उत्तेजनावर, म्हणजे फील्डला पूर्ण करंट असताना, ४६० व्होल्टच्या आसपास दिसलं, म्हणजे एका बाजूच्या दुप्पट, तर एक फेज उलटी लागली आहे. अशा अवस्थेत कोपरा जोडला तर लोड नसतानाच गुंडाळी जळते. म्हणून ही चाचणीही आधी कमी उत्तेजनावरच करा. व्होल्टेज ना शून्य ना दुप्पट, मधलंच काहीतरी दिसलं तर मीटर फ्रिक्वेन्सीवर लावा. १५० हर्ट्झ दिसले तर तो थर्ड हार्मोनिक, म्हणजे ५० च्या तिप्पट फ्रिक्वेन्सीचा भाग आहे, आणि तो बंद डेल्टात गोल गोल फिरत राहतो. दोन-तृतीयांश पिचची गुंडाळी (जिच्या कॉइलचा पसारा एका पोलच्या अंतराच्या दोन-तृतीयांश असतो) असलेल्या मशीनमध्ये तो जवळपास नसतो. तुमच्या मशीनमध्ये चांगलाच असेल तर कोपरा जोडल्यावर, बाहेर काहीच लोड नसताना, क्लॅम्प मीटरने डेल्टाच्या आतला करंट मोजा. तो २१.७ मधला मोठा वाटा खात असेल तर डेल्टा सोडा, पुन्हा स्टार करा आणि ट्रान्सफॉर्मरकडे वळा.

एव्हीआरपाशी सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून इथे थांबून वाचा. एव्हीआर दोन वायरींवरून व्होल्टेज बघतो आणि ते ठरलेल्या आकड्यावर येईपर्यंत फील्ड वाढवत राहतो. त्याच्या सेन्सिंगच्या वायरी पूर्वी दोन फेजच्या मध्ये, ४०० व्होल्टवर असतील आणि तुम्ही त्या तशाच ठेवल्या, तर डेल्टानंतर त्याला तिथे फक्त २३० दिसतील. मग तो ४०० करायला निघेल. लोखंड जितकं साथ देईल तितकं व्होल्टेज तुमच्या २३० च्या जोडीवर चढेल आणि जोडलेल्या वस्तू जातील. सेन्सिंग फेज-न्यूट्रलवर, २३० वर असेल तर त्याच वायरी आता आउटपुटच्या दोन कोपऱ्यांवर आणायच्या. ४०० वालं असेल तर एव्हीआरवर २३० साठी जंपर किंवा वेगळं टर्मिनल आहे का ते पाहायचं. नसेल तर एव्हीआर बदलायचा.

एव्हीआरला फील्डसाठी लागणारी वीज कुठून येते तेही पाहा. वेगळ्या सहायक गुंडाळीवरून किंवा पर्मनंट मॅग्नेटच्या छोट्या जनरेटरवरून येत असेल तर तिला तुमच्या बदलाचा संबंध नाही. मुख्य गुंडाळीवरूनच येत असेल तर तीही योग्य जागी हलवावी लागेल. तिन्ही फेज बघणारा एव्हीआर असेल तर तो सरासरी सांभाळतो. सिंगल फेज लोडमध्ये तुमची बाजू खाली बसते, रिकाम्या बाजू वर जातात, सरासरी ठीक दिसते आणि तुम्हाला कमी व्होल्टेज मिळतं. त्याला फक्त लोड असलेली बाजू दाखवा. प्रत्येक फेजवर करंट ट्रान्सफॉर्मर लावून फील्ड वाढवणारी जुनी कंपाउंड मशीन असतील तर त्यांचं गणितच समतोल लोडवर बसवलेलं असतं. तिथे मी जोडणी बदलायला सुचवणार नाही.

पहिल्यांदा चालवताना एव्हीआरवरचा व्होल्टेज कमी-जास्त करायचा पॉट (फिरवायचा स्क्रू) खाली आणा, आउटपुटवर फक्त मीटर आणि एक जुना बल्ब ठेवा, आणि मग हळूहळू २३० वर या.

न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये लोक एक गोष्ट हमखास विसरतात. डेल्टाला स्वतःचा न्यूट्रल नसतो. दोनपैकी एक कोपरा, समजा टी२/टी१०, तुम्हीच न्यूट्रल ठरवायचा आणि फक्त तिथेच अर्थशी बांधायचा. पण जुन्या स्टारच्या न्यूट्रलपासून बॉडीला गेलेली पट्टी किंवा वायर अजून तिथेच असते. ती टी११ किंवा टी१२ च्या स्टडवर राहून गेली तर एक अख्खी गुंडाळी बॉडीतून शॉर्ट होते. जुनी पट्टी आधी काढा, नवी नंतर लावा. त्यानंतर ५०० व्होल्टच्या मेगरने बॉडीशी इन्सुलेशन तपासा. मेगर लावताना एव्हीआर सुटा, फिरत्या डायोडची टोकं शॉर्ट केलेली आणि नवा अर्थचा जोड तात्पुरता उघडा हवा.

पॅनेलमध्ये फार बोलण्यासारखं नाही, पण काम बरंच आहे. तीन पोलच्या ब्रेकरऐवजी ३२ अँपिअरचा दोन पोलचा. कंट्रोलरमध्ये सिस्टिम ‘सिंगल फेज’ करायची, नाहीतर तो दुसरा-तिसरा फेज गेला म्हणून सेट बंद करत राहील. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आणि फेज सिक्वेन्स रिले बायपास न करता काढूनच टाका. अँपिअर मीटरचा करंट ट्रान्सफॉर्मर एकत्रित आउटपुटवर हवा, एकट्या टी१ वर नको, कारण तिथे तो दोन तृतीयांशच दाखवेल. बाहेरच्या पुरवठ्याशी अदलाबदल करणारा चेंजओव्हर स्विच फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा असावा. सेट ऑटो-स्टार्ट असेल तर हे सगळं करताना बॅटरीची निगेटिव्ह काढलेली असू द्या.

लोड एकदम चढवू नका. दोन केव्हीए, मग चार, मग सहा, प्रत्येक टप्प्यावर थोडा वेळ थांबून. क्लॅम्प मीटर बाहेरच्या केबलवर लावू नका, टी१ वर लावा. तो आकडा २१.७ च्या आत राहिला पाहिजे. व्होल्टेज जागेवर, फ्रिक्वेन्सी ठीक आणि तरी मशीन आधी नव्हतं असं गुणगुणत असेल तर तो १०० हर्ट्झचा धक्का आहे. थोडं गुणगुणणं राहणारच. पण फाउंडेशनचे बोल्ट, अँटिव्हायब्रेशन पॅड आणि कपलिंग पहिल्या काही दिवसांत पुन्हा आवळून घ्या. तासभर पूर्ण लोडवर चालवल्यानंतर बेअरिंगच्या बाजूची हवा आणि बॉडी नेहमीपेक्षा स्पष्ट जास्त तापत असेल तर रोटर तापतोय असं समजून लोड कमी करा, भले करंट मर्यादेत असो. पंप चालू होताना दिवे बसत असतील तर तो सुरुवातीचा करंट आहे. पंप आधी चालू करा, मोठा लोड नंतर.

शेवटी मशीनवरची जुनी पाटी. ती तशीच राहिली तर पुढचा माणूस १५ केव्हीए वाचून १५ केव्हीए लावेल. तिच्या शेजारी नवी पाटी ठोका: सिंगल फेज, २३० व्होल्ट, ३२ अँपिअर, ७.५ केव्हीए. आणि टर्मिनल बॉक्सच्या झाकणाला आतून नव्या जोडणीचा आणि जुन्या जोडणीचा, असे दोन्ही नकाशे चिकटवा.